सरकत्या दारांची अलमारी

तलमडुगु,
२० ऑक्टोबर १९९७

प्रिय चंद्रभागा,

चुलीजवळची डब्यांची अलमारी, चार खणांची. ओसरीवरची बियाण्याची, तिला उंदरांपायी खालून पत्रा मारला. तुझ्या मायच्या लुगड्यांची, कोपऱ्यातली तिकोनी. आणि तुझ्या खोलीतली, भिंत कोरून बसवलेली, साडेपाच फूट उंच, सव्वातीन फूट रुंद. चारही मी माझ्या हातानं केल्या. कोणत्या सुताराजवळ शिकलो नाही. निर्मल गावी एका फर्निचरच्या दुकानापुढं दोन दिवस नुसता पाहत उभा राह्यलो; तिसऱ्या दिवशी दुकानदारानं हाकललं, पण तोवर माझं शिकून झालं होतं. सागवान जंगल खात्याच्या डेपोतलं, पावतीसकट. पावती अजून आहे.

इकडं सगळे बरे. कापसाची पहिली वेचणी झाली. तुझ्या मायचा गुडघा दुखतो, तरी पाय पसरून बसत नाही. बोथ गावी बयनामावशीकडं तुझं जेवणखाण नीट चालू आहे, असं ती सांगते. तू शिकवतेस त्या खाजगी शाळेत पोरं पन्नास आणि फळा एक, हेही तिच्याकडूनच कळलं. तू मला काही लिहीत नाहीस. का, ते मला ठाऊक आहे.

भाव येईपर्यंत कापूस घरातच ठेवायचा, ही आपल्याकडची जन्माची रीत. पण तुझी अलमारी मी भर उन्हाळ्यात केली, खोली रिकामी असताना. दारं बाहेर उघडणारी, पितळी बिजागऱ्या, फटीत पोस्टकार्ड जाणार नाही इतकी बसती. मागच्या दिवाळीनंतर दहा क्विंटल कापूस त्या खोलीत छातीपर्यंत आला, अन् दारं मिटली ती मिटलीच. गुण्या लावून काटकोन पाहणाऱ्या माणसाला एवढं सुचलं नाही!

मग एक दिवस आपल्या गावचा चंपतराव आदिलाबादची यादी पाहून सकाळच्या गाडीनं आला. सरकारी शाळेत मास्तरणीच्या जागेसाठी तुझं नाव लागलेलं, अस्सल प्रमाणपत्रं त्याच दिवशी चारच्या आत दाखवायची. प्रमाणपत्रं अलमारीत. तू म्हणालीस, “बाबा, एक फळी तोडू द्या न! कागदच तर काढायचे हायेत.” मी कापसात हात पसरून उभा राह्यलो. तीन महिन्यांचं काम आहे, म्हणालो, कुऱ्हाड लागू देणार नाही. तुझी माय म्हणाली, “फळी मोठी का पोरगी मोठी?” तिलाही गप्प केलं. मग आपण तिघं धोतरात गाठोडी बांधून कापूस अंगणात नेत राह्यलो. दार उघडलं तेव्हा अडीच वाजले होते. बस गेलेली. तू ट्रकवर बसून गेलीस. पोचलीस तर कचेरीला कुलूप.

गावात मी सांगितलं की बस लवकर सुटली. तू ओसरीवर उभी राहून ते ऐकलंस. आठ दिवसांनी बॅग भरलीस.

या श्रावणात मी ती दोन्ही दारं उतरवून कापली. त्या दिवशी एक फळी वाचवली होती, आता दोन्ही दारांवर मीच करवत चालवली. नवीन दारं खाचेत सरकती केली. खाच सात सूत, फळी सहा सूत, एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, खेळतं ठेवलं; खाचेत मेणबत्ती घासली, बोटानं ढकललं तरी दार जातं. तुझी माय पाहून म्हणाली, “हेच मागच्या साली काऊन नाही सुचलं?”

म्हणून हे पत्र लिहून राह्यलो. गेलेली जागा मी भरून देऊ शकत नाही. चूक बसची नव्हती, माझी होती; परवा चावडीवर चंपतरावासमोर, चारचौघांत तसं सांगितलं. तुला मात्र आधी सांगायला हवं होतं. दिवाळीला घरी ये, बाई. यंदाचा आपला कापूस ओसरीवर राहील आणि मी राखणीला अंगणात खाट टाकीन. तुझ्या खोलीत बोंडभरही जाणार नाही. काल इचोड्याचे कापसाचे अडते माणिकराव येऊन गेले. रिकामी खोली पाहून म्हणाले, संक्रांतीपर्यंत माझा माल ठेवू द्या, बाराशे रुपये, आगाऊ. मी नाही म्हणालो.

तुझाच,
बाबा