तिला मी दिलेला खुराक

वस्ताद, तुम्हाला जाऊन दहा वर्षं झाली आणि या दहा वर्षांत मी तुमची आठवण काढली ती फक्त दुसऱ्यांसमोर मिरवायला. आज सांगायचं आहे ते मिरवायचं नाही. सांगलीत एका दवाखान्याच्या खाली, गाड्या लावतात तिथल्या कट्ट्यावर वही घेऊन बसलोय. दुपारचे अडीच वाजलेत. वर दुसऱ्या मजल्यावर ती आहे. ती म्हणजे कोण, ते तुम्हाला माहीत असायचं कारण नाही. तुम्ही गेलात तेव्हा मी चौदाचा होतो आणि पोरींकडं बघितलं तर तुम्ही कानाखाली वाजवाल या भीतीनं बघतही नव्हतो. ती कराडला माझ्याबरोबर कॉलेजात होती. माण तालुक्याची आहे, घरी मेंढरं आहेत, अख्ख्या भावकीत बीएस्सी झालेली ती पहिली पोरगी. मी दुसऱ्या वर्षाला कॉलेज सोडलं ते तिच्यापायी. कॅन्टीनमध्ये एक जण तिच्या हनुवटीवरच्या केसांवरनं घाण बोलला, मी त्याला टेबलासकट आडवा केला. प्राचार्य म्हणाले, माफीनामा लिहून दे. मी म्हणालो, आधी त्यानं लिहावा. तिथंच माझं शिक्षण संपलं. वाटलं होतं, तिला माझा अभिमान वाटेल. ती म्हणाली, "तुला कुणी सांगितलं हुतं भांडायला? पाच जणांनी ऐकलं हुतं, आता समद्या कॉलेजला कळलं."

हनुवटीवरचे केस, मानेवर चढलेला काळेपणा, तीन-तीन महिने न येणारी पाळी, या सगळ्याला मिळून एक नाव आहे हे तिनं मला मागच्या वर्षी सांगितलं. तोवर मी कराडशेजारच्या मलकापुरात एका जिममध्ये ट्रेनर झालो होतो आणि ती सांगलीत मावशीकडं राहून क्लासमध्ये गणित शिकवत होती. दर रविवारी मी गाडी काढून जायचो. कृष्णेच्या घाटावर बसलो होतो. "पीसीओडी म्हणत्यात त्याला," ती म्हणाली. "रिपोर्टवर पीसीओएस लिवलंय. उद्या स्थळं यायला लागली तर घरचे लपवत्याल. तुझ्यापाशी मला लपवायचं न्हाई. पुढं मूल व्हायला औषधं लागतील, न लागतील. आत्ताच काय तो विचार कर." मला त्यातलं एवढंच ऐकू आलं की हे तिनं मला सांगितलं. दुसऱ्या कुणाला नाही, मला. मी छाती काढून म्हणालो, "तीन महिन्यांत ठणठणीत करतो तुला." ती हसली. "डॉक्टरबाई म्हणत्यात, हे एकदा बरं करून टाकायचं दुखणं न्हाई. सांभाळत ऱ्हायचं असतंय." मी म्हणालो, "सांभाळायला काय ते कुकुलं बाळ हाय व्हय?"

बाईंनी तिला एक कागद दिला होता. आता तो माझ्या खिशात आहे आणि सकाळपासून मी तो चारदा वाचलाय. काय आहे त्यात? ज्वारीची भाकरी, रोज एक उसळ नाहीतर डाळ, ताटात निम्मी भाजी, गोड कमी, जेवण चुकवायचं नाही. रोज पाऊण तास भरभर चालायचं. आठवड्यातनं दोन-तीन दिवस थोडं वजन उचलायचं. झोप पुरी. ड जीवनसत्त्व कमी आलं म्हणून आठवड्याला एक गोळी, पाण्यात घालून प्यायची एक पुडी, आणि पाळी वेळेवर यावी म्हणून महिन्यातले एकवीस दिवस घ्यायच्या गोळ्या. एवढंच. आणि वस्ताद, हे ती चार महिने गुपचूप करत होती आणि तिला गुण येत होता. तीन किलो उतरले होते, पाळी धरून येत होती. मी कागद बघितला आणि हसलो. चालायचं? चालून कुणाचं काय झालंय? आमच्या आज्या आयुष्यभर चालल्या. मला मोठं काहीतरी करायचं होतं. ती बरी व्हावी एवढं मला पुरत नव्हतं, ती माझ्या हातानं बरी व्हायला हवी होती.

म्हणून मी तिला आपल्या तालमीचा खुराक लावला. पहाटे पाचला व्हिडिओ कॉल करायचा. ती मावशीच्या स्वयंपाकघरात लोणच्याच्या बरणीला मोबाईल टेकवून बैठका मारायची आणि मी इकडनं मोजायचो. मावशीला वाटायचं, पोरगी ऑनलाइन योगा करते. पन्नासनं सुरुवात केली, महिन्यात तीनशेवर नेलं. वर बदाम, दूध, तूप, केळी. "एवढं तूप कशाला रं?" ती विचारायची. "अंगात ताकद आल्याशिवाय दुखणं हटत नस्तंय," मी तुमच्याच आवाजात सांगायचो. महिनाभरात वजन चार किलोंनी वाढलं. तेव्हा थांबायला पाहिजे होतं. मी उलटं टोक गाठलं. भाकरी बंद, भात बंद, दोन उकडलेली अंडी आणि पावडर. जिमचा मालक म्हणाला, "बायकांचं वजन असं हलत न्हाई गड्या, हे दी," आणि एक काळा डबा हातात ठेवला. चरबी जाळायच्या कॅप्सूल. डब्यावर वाघाचं चित्र आहे, आत काय आहे ते धड लिहिलेलं नाही. मी तो तिला दिला. आणि दिला तेव्हाच म्हणालो, "त्या पाळीच्या गोळ्या आधी टाकून दे. त्यांनीच अंग फुगतंय." ती दोन दिवसांनी म्हणाली, "तू म्हणतुयास तर टाकते." तिची छाती धडधडायची, झोप लागायची नाही, हात थरथरायचे. फळ्यावर आकडे वाकडे येतात म्हणून पोरं हसतात, असं तिनं हसत-हसत सांगितलं होतं. मी म्हणालो, चरबी जळतीया, जळू दे.

दोन महिने पाळी आली नाही. मग एका बुधवारी तिचा मेसेज आला, आली. वस्ताद, मी पेढे घेऊन सांगलीला गेलो. गोड तिला बंद होतं, तरी मी जबरदस्तीनं एक तिच्या तोंडात घातला. "बघ, गोळ्या न घेता आणली का न्हाई?" ती पण खूश होती. आठ दिवस झाले. मी म्हणालो, साठलेलं निघून जातंय. बारा दिवस झाले. ती म्हणाली, "जिना चढताना डोळ्यापुढं काजवं चमकत्यात." मी म्हणालो, बीट खा. एकोणिसाव्या दिवशी ती वर्गात फळ्याजवळच खाली बसली ती उठलीच नाही. मी रविवार म्हणून सांगलीतच होतो, क्लासखाली तिची वाट बघत. पोरं ओरडत खाली आली. तिला उचलून रिक्षात घातलं तेव्हा ती हलकी लागली नाही, जड लागली, आणि ओठ पांढरेफटक. रक्त सहावर आलं होतं. दोन बाटल्या चढवल्या.

तुमची एक गोष्ट मला कालपासून सोडत नाही. तालमीत एक किरकोळ पोरगं नवीन आलं होतं. मी बारा वर्षांचा, स्वतःला हिंदकेसरी समजत होतो. त्याला आठ दिवसांत मल्ल करायचं म्हणून मी माझ्या वाट्याची थंडाई दोन दिवस त्याच्या नरड्यात ओतली. तिसऱ्या दिवशी ते पोरगं परसाकडंनंच येईना. तुम्ही चुलीपुढं बसला होता, कांदा चिरत. मला वाटलं आता फुंकणीचा मार. तुम्ही मानही वर केली नाही. "त्याच्या पोटात शिरून बघितलंयस का रं तू?" एवढंच विचारलंत. मी नाही म्हणून मान हलवली. "मग इचारायचं. त्याला इचारायचं." आणि खरंच, तुम्ही रोज सकाळी कुस्तीच्या हौद्यात उतरायच्या आधी एकेकाला विचारायचात, आज अंग कसं हाय? कुणी म्हणालं जड हाय, तर त्याला त्या दिवशी नुसती माती उकरायला लावायचात. तीनशे बैठका मी मोजल्या तिच्या. एकदाही विचारलं नाही अंग कसं हाय. ती न विचारता सांगत होती, धडधडतंय, थरथरतंय, आणि मी तिलाच समजावत होतो की तिला काय होतंय.

काल तिचे वडील, आबा, आले माणवरनं. मेंढरं कुणाच्या तरी हवाली करून, खांद्यावर घोंगडं तसंच. त्यांनी माझे दोन्ही हात धरले. "पोरा, तू हुतास म्हणून माझी लेक वाचली. कुणाचा कोण तू, पर घरच्यावानी धावलास." माझ्याच्यानं हात सोडवून घेता येईनात. तेवढ्यात डॉक्टरबाई आल्या. तिला विचारलं, गोळ्या कुणी बंद केल्या? "मीच केल्या मॅडम," ती म्हणाली. बाई चिडल्या, आबा चिडले. "बीएस्सी झालीस नव्हं? मग अशी अडाण्यावानी का वागलीस गं? मेंढराला पण असं मधीच औषीद तोडत न्हाईत!" ती चादरीकडं बघत ऐकून घेत होती. मी कॉटच्या पायथ्याशी उभा होतो. भर कॅन्टीनमध्ये माणूस लोळवणारा मी, तोंडातनं एक शब्द काढला नाही.

आज सकाळी बाई रिपोर्ट घेऊन आल्या. लिव्हरचे आकडे वाढलेत म्हणाल्या, कावीळ तर दिसत नाही, मग हे कशानं? कारण कळल्याशिवाय त्या हार्मोनच्या गोळ्या परत सुरू करायला धजत नाहीत, आणि गोळ्यांशिवाय रक्तस्राव पुन्हा सुरू व्हायची भीती आहे. "आणखी काही घेत होतीस का? पावडर, कॅप्सूल, जडीबुटी, काहीही?" ती म्हणाली, न्हाई. बाईंना ते पटलेलं दिसलं नाही. "आठव. मी चारला येते." आबा चहाला खाली गेले तसा मी तिच्याजवळ सरकलो. "सांगू का मी?" ती म्हणाली, "चारला आबा बी हितंच असत्याल. त्यांना कळलं तर तुझं नाव परत घरात काढू द्याचे न्हाईत." मी म्हणालो, "मग काय करू?" तिनं तोंड भिंतीकडं फिरवलं. "तुझं तू ठरव की. आजवर माझं बी तूच ठरवत हुतास."

तिथनं उठलो ते खाली येऊन बसलोय. मला भीती कशाची वाटते तेच धड कळत नाही. आबांची वाटते. ते हात धरतील म्हणून जास्त वाटते. तिच्या त्या आकड्यांची वाटते, ते खाली येतीलच असं बाईंनी कुठं म्हटलंय? आणि समजा ती यातनं उठली, तरी पुन्हा भाकरी-उसळ, पुन्हा पाऊण तास चालणं, वर्षानुवर्षं, त्या सगळ्यात मी तिला बरोबर चालायला हवा असेन का? हे तिला विचारायची पण छाती होत नाही. तालमीत मी कुस्ती हरलो की तुम्ही पाठीवरची माती झटकायचात. इथं कोण झटकणार?

पावणेचार झालेत. या पानाच्या मागं मी बाईंसाठी सगळं ओळीनं लिहून काढलंय. कधीपासून काय दिलं, किती दिलं, गोळ्या कुणाच्या सांगण्यावरनं थांबल्या. वाघाचा डबा गाडीच्या डिकीत आहे, तो बरोबर नेणार आहे. पान फाडून त्यांच्याच हातात देणार, तेव्हा ती यादी तुमच्या या वहीत उरायची नाही. त्यातलं फक्त एक तुम्हाला सांगतो. यादीत कॅप्सूलच्या पुढं मी 'दिवसाला एक' लिहिलं होतं. पहिला आठवडा एकच होती. नंतर वजन हलेना म्हणून मी तीन केल्या होत्या. आत्ता ते खोडून तीन लिहिलं.