विनोदिनी कुठल्या कादंबरीतली?

धार, मार्गशीर्ष शु. ५, शके १८२९

चि. सौ. दुर्गा हीस,

अनेक आशीर्वाद. इकडे मी, दादा, वहिनी सगळी खुशाल. तिकडे तसं नाही, हे काल तुझ्या पत्रानं कळलं. मुदतीचा ताप म्हणजे एकवीस दिवस धीर धरायचा. आज बारावा ना? पेज गाळूनच देत जा. देवासच्या धाकट्या पातीच्या दरबारचे वैद्य चांगले आहेत, पण बोलघेवडे. त्यांचं औषध घे, गप्पा घेऊ नकोस.

तू दोन गोष्टी विचारल्यास. एक, मी देवासला येते का. दुसरी, विनोदिनी नावाची नायिका कुठल्या कादंबरीत आहे, आणि ते पुस्तक मी धाडू शकते का. तापात यजमानांनी तीनदा तिला हाका मारल्या, म्हणून तुला वाटलं, एवढं आवडतं पुस्तक आहे तर मागवावं आणि उशाशी बसून वाचून दाखवावं. पहिल्याचं उत्तर मला अजून ठाऊक नाही, लिहिता लिहिता कळेल. दुसऱ्याकडे जरा वळसा घालून येते.

पत्राच्या कडेला तू बारीक अक्षरात लिहिलं आहेस, "अक्का, पुस्तकातलं प्रेम खरं वाटतं नि घरातलं वाटत नाही, असं का?" माझ्या मागे राहिलेल्या कादंबऱ्या फडताळात सापडून तू वाचायला लागलीस, तेव्हाच मला वाटलं होतं की एक दिवस ही हे विचारणार. अगं, आठ वर्षं मी इथं इंदिराबाईसाहेबांकडे दुपारी कादंबऱ्या वाचून दाखवते. सरदारांचं घर, दहा-बारा बायका, सुपारी कातरत ऐकतात. आता माझं आचाऱ्यासारखं झालं आहे. भूक नाही, मीठ किती पडलं ते मात्र कळतं.

तर पहिली गोष्ट, नायक घरी नसतो. सदा मोहिमेवर. घरी असता तर "पाणी आण", "माझं उपरणं कुठं गेलं" असं म्हणाला असता, आणि तिसऱ्या पानाला पुस्तक मिटलं असतं. दाराशी बसणारी आमची माळवी मोलकरीण रोज विचारते, "बाईसा, आज ऊ घोड़ा वालो आयो कि नी?" नाही आला म्हटलं की खूश होऊन लसूण सोलायला लागते. आला की गोष्ट संपली, एवढं तिलाही कळतं.

पण मधली अडचण खरी हवी हं. बापानं दिलेला शब्द, किल्ल्याला पडलेला वेढा, असं काहीतरी. नाहीतर कुणीतरी पडद्याआडून अर्धं वाक्य ऐकतं आणि दोनशे पानं रुसून बसतं. अरे, एकदा तोंड उघडून विचार की! असल्या पुस्तकांतली पानंच्या पानं मी गाळते. आजवर एकीनंही पकडलं नाही.

आणि ऐतिहासिकच का म्हणशील, तर किल्ला कधी पडणार हे आपल्याला बखरीवरून ठाऊक असतं, त्या दोघांना नसतं. ती बिचारी तळ्याकाठी बसून पेरू गोड की आंबट एवढंच बोलत असतात, आणि इकडे आपला जीव वरखाली होतो. परवा एका पुस्तकात नायिकेचा पाय रिकिबीला पोचत नाही, हे नायक बघतो आणि न सांगता पट्टा दोन बोटं आखूड करून ठेवतो. बस, एवढंच. लढाईत पाचशे माणूस पडलं तेव्हा इंदिराबाईसाहेब निवांत पान लावत होत्या. रिकिबीपाशी मात्र त्यांनी डोळ्यांना पदर लावला. हिऱ्यामाणकांनी काही होत नाही, दुर्गा. कुणीतरी आपल्याकडे नीट बघितलं, एवढ्यावर बाई जन्म काढते.

असो. वळसा पुरे झाला.

विनोदिनी कुठल्याही कादंबरीत नाही. ती मी. माझं माहेरचं नाव ते. वडील कीर्तनकार, त्यांना गोड नावांची हौस. लग्नात सासूबाई म्हणाल्या, "हे कसलं बाई नाटकातलं नाव! सुनेला हाक मारायची की नटीला?" त्यांनी सांगितलं, मुलानं ऐकलं, आणि तांदळाच्या ताटात अंगठीनं 'पार्वती' लिहिलं. मी बारा वर्षांची होते. सासूबाई गेल्या, आता देवासात ते नाव ठाऊक असलेलं त्यांच्याशिवाय कुणी नाही. तू तरी कुठून ओळखणार?

सोळा वर्षांत त्यांनी मला दोन्हींपैकी एकाही नावानं हाक मारली नाही. "अगं", "ऐकलंस का", नाहीतर नुसतं खाकरणं. तुझंही तेच चाललं असेल. फक्त एकदा, मांडवगडला जाताना नालछ्याजवळ बैलांच्या दमणीचा आस मोडला. सुतार कामाला लागला, आम्ही दोघं चिंचेखाली बसलो. एकाएकी म्हणाले, "तुझं पहिलं नाव काय होतं गं?" मी सांगितलं. त्यांनी ते एकदा हळूच म्हणून पाहिलं आणि लगेच सुतारावर ओरडले, "भिया, जल्दी कर!" झालं. पुन्हा कधी विषय नाही. मला वाटलं, विसरले.

तू माप ओलांडून माझी सवत म्हणून घरात आलीस, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी बोचकं घेऊन परसदारानं निघाले. ते पडवीत होते. मी तुळशीपाशी उगीच थोडी उभी राहिले. हाक आली असती तर थांबले असते, खोटं कशाला बोलू? साधे खाकरलेसुद्धा नाहीत.

म्हणून काल तुझं पत्र वाचून मला आधी आनंद झाला. मग असा संताप आला की कागद भिरकावून दिला. आठ वर्षं गेली, आणि आता हाक मारतात, तीही शुद्ध नसताना! आणि मग तुझ्यापुढं शरम वाटली. बारा दिवस कपाळावरच्या पाण्याच्या घड्या तू बदलते आहेस, आणि हाक दुसरीला. आणि तू काय करतेस, तर तिचंच पुस्तक मागवतेस, त्यांना बरं वाटावं म्हणून. वर मला विचारतेस, घरात प्रेम का नसतं!

"ते पुस्तक हल्ली मिळत नाही" असं मी आधी लिहिलं होतं. तो कागद चुलीत घातला. खरं कळून तुला दुखेल, पण खोट्यावर तू आणखी वर्षानुवर्षं त्या बाईचा शोध घेत बसली असतीस.

मी येते. शुक्रवारचा टांगा दादा ठरवतो आहे. हे पत्र माझ्याआधी पोचेल. पण नीट ऐक. मी येते ती तुझ्या हाताखाली. चूल, पेज, आलं-गेलं मी बघीन. उशाशी तूच बसायचंस. त्यांनी पुन्हा ती हाक मारली तरी मी 'ओ' देणार नाही. ते एका पोरीला हाक मारताहेत, आणि मी छत्तीस वर्षांची आहे.

आणि मी पोचायच्या आत एक काम कर. घटकाभर शुद्ध आली की त्यांना तुझं माहेरचं नाव सांग. ते विचारतील म्हणून वाट बघत बसू नकोस. सांग, आणि त्यांच्याकडून एकदा म्हणवून घे. एकविसावा दिवस कसा उजाडेल ते बखरीत लिहिलेलं नाही. ताप उतरो न उतरो, तेवढं तुझ्यापाशी असू दे.

मग मलाही सांग. आठ वर्षांत मीसुद्धा ते कधी विचारलं नाही.

लोभ असावा, असं लिहायची रीत आहे. हे वाचून तो राहिला नाही, तरी मी समजेन.

पार्वती