क्रशरवरचे धडधाकट

शुक्रवार, संध्याकाळ. नाशिक रोड.

आज मी सरांच्या कानाखाली वाजवली. सगळ्या गावासमोर. चष्मा उडून खडीत पडला. हात अजून झिणझिणतोय, पेन नीट धरवत नाही.

हरसूलच्या रस्त्याला त्या खडी क्रशरवर गेलो होतो, आमच्या दम्याच्या पाहणीत काय निघालं ते गावाला सांगायला. सर आमच्या पाहणीचे प्रमुख. ते म्हणाले, क्रशरच्या कामगारांना दम्याचा धोका गावातल्या इतरांपेक्षा कमी आहे, म्हणजे धुळीचा काही संबंध नाही. मालक हसला.

मी कधीपासून कानीकपाळी ओरडतेय, ज्याला धाप लागते त्याला हा मालक घरी बसवतो. मग कामावर उरणार कोण? धडधाकटच. आणि घरी बसवलेले आपण गावकऱ्यांत धरलेत. तिथेही मी तेच बोलले. सर म्हणाले, "हे बघा मॅडम, आज हजेरीवर आहे तोच कामगार. रडून शास्त्र होत नसतं."

तेव्हा वाजवली. चुकलं का? चुकलं असेल. नोकरी गेलीच समजायची.

चष्मा उचलायला रतन वाकला. कित्येक वर्षं याच क्रशरवर होता, खोकला लागल्यावर काढला. आमच्या तक्त्यात तो शेतकरी. वाकला तो उठेचना, गुडघ्यावर बसून धापा टाकत राहिला. मग चष्मा सदऱ्याला पुसून सरांच्या हातात दिला.

"लय लागलं नाय ना, सायेब?"

सरांनी चष्मा घातला आणि त्याच्याकडे न बघता जीपमध्ये जाऊन बसले.

हात झिणझिणतोय. एकच मारली, याचंच वाईट वाटतंय.