मसुदा मान्यतेस्तव सादर

अण्णा, तुमचा कॉम्प्युटर अजून चालू आहे. तुम्हाला जाऊन दहा वर्षं होत आली, पण आई रोज देवपूजा झाली की त्याच्यावरचा फुलाफुलांचा कपडा काढते, बटण दाबते, आणि ती पेटी घरघरत, खोकत उठते. तुम्ही उठायचात तशीच. मग आई चष्मा लावून पडद्याच्या डाव्या कडेला बघते. तिला तिथं लिहिलेलं काही कळत नाही, कळून घ्यायचंही नाही. तिला फक्त एक आकडा वाचायचा असतो. 'मसुदे' या शब्दापुढं कंसात चार. चार दिसला की ती समाधानानं चहाला लागते. "त्यांची चार कामं राहिल्यात," असं ती आल्यागेल्याला सांगते. जणू तुम्ही कचेरीत गेलात आणि टेबलावर चार कागद दाबून ठेवलेत, संध्याकाळी येऊन उरकाल.

आज हे लिहायला बसलो त्याला कारण त्या कॉम्प्युटर क्लासवाल्या बाई. त्याच, ज्यांच्याकडं तुम्ही रिटायर झाल्यावर शर्टाच्या खिशाला पेन लावून, पोरासोरांच्या रांगेत बसून मराठी टायपिंग शिकायला गेला होतात. म्हणजे शिकायला कसले, तीस वर्षं टाइपरायटर बडवलेला माणूस, तुम्ही त्यांनाच चार गोष्टी सांगून आलात. तुमचं जुनं मशीन आता टपाल आणायचं बंद करणार, नियम बदललेत, असं कळल्यावर मी त्यांना घरी बोलावलं. बाईंचे केस पांढरे झालेत, जीभ तशीच आहे. खुर्चीवरची धूळ पदरानं झटकत म्हणाल्या, "सर, ह्ये मशीन आता म्युझियमला द्या, न्हाय तर तुमच्या एखाद्या लेखात घाला. तुमाला तर कुनीबी चालतंय."

मी हसलो. दुसऱ्यानं काढलेला चिमटा मला सहन होत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. हसण्याशिवाय इलाज नव्हता.

ही व्यवस्था बाईंनीच लावून दिली होती. मी उमरग्याला नोकरीला, अक्षर असं की माझं मला लागत नाही. मी विनोदी लेख हातानं लिहायचा, पानांचे फोटो पाठवायचे, तुम्ही इथं घरी ते टाइप करायचे आणि इथूनच साप्ताहिकाला धाडायचे. त्यासाठी एकच मेल, तीन कॉम्प्युटरवर. एक तुमच्या टेबलावर, एक माझ्या कॉलेजच्या स्टाफरूममध्ये, एक माझा लॅपटॉप. बाईंनी तेव्हा समजावलं होतं, "अण्णा, पेटी एकच हाय बघा, दारं तीन. एका दारातून आत ठिवलं की तिन्ही दारातून दिसतंय. एका दारातून बाहेर फेकलं की तिन्हीकडचं गेलं." तुम्ही मान डोलावली होती. मला वाटलं, तुम्हाला कळलं नाही. माझ्या आयुष्यातल्या बऱ्याच चुकांचं मूळ या एका वाक्यात आहे.

कारण महिन्याभरात तुम्ही पेटी साफ करायला घेतली. आलेलं प्रत्येक पत्र आवक रजिस्टरात, निळ्या शाईत, अनुक्रमांक देऊन उतरवायचं, आणि उतरवलं की मूळ पत्र निकाली. तुमच्या टेबलावर शिळा कागद राहिलेला तुम्हाला कधी खपला नाही. मी स्टाफरूममध्ये मशीन उघडलं तर सगळं धुऊन काढल्यासारखं स्वच्छ. त्यात एका प्रकाशकाचं पत्र होतं. माझ्या पहिल्या पुस्तकाबद्दलचं. ते तुमच्या रजिस्टरात सही-सलामत होतं, क्रमांक सत्तावीस, पण ते मला कुठं माहीत होतं. मी फोनवर तुम्हाला काय बोललो ते इथं पुन्हा लिहीत नाही. शेवटचं वाक्य तेवढं लिहितो. "इथून पुढं मला विचारल्याशिवाय कशालाही हात लावायचा नाही."

पलीकडं स्वयंपाकघरातून आईचा आवाज ऐकू आला, "आरं बापाला आसं बोलतंय व्हय कुनी." मग तुम्ही शांतपणे म्हणालात, "ठीक. मान्यतेशिवाय इथून काही जाणार नाही."

मला वाटलं, तुम्ही चेष्टा करताय. आपल्या घरात चेष्टेचं खातं माझ्याकडं होतं, तुमच्याकडं नव्हतं, हेही मी विसरलो. त्या दिवसापासून दर आठवड्याला फोन. "टाइप झालंय. पाठवू का?" मी म्हणायचो, "पाठवा की. त्यात विचारायचं काय?" तुम्ही विचारतच राहिलात.

आणि मग तो लेख आला. हेडक्लार्कचा.

तुम्हाला माहीत नव्हतं की मी ते पाहिलंय. मी शिकत असताना कॉलेजच्या फॉर्मवर तुमची सही हवी होती म्हणून तुमच्या कचेरीत आलो होतो. दाराशी उभा आहे. आत साहेब, तुमच्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान, काहीतरी ओरडतात आणि फाइल उचलून भिरकावतात. नाडी सुटते. कागद खोलीभर उडतात. आणि तुम्ही खाली बसता. गुडघ्यावर. एकेक कागद उचलता, फुंकर घालून त्याच्यावरची धूळ उडवता, क्रमानं लावता. टेबलाखाली जाता. साहेबांच्या बुटाजवळचा एक कागद अलगद ओढून घेता. मी सही न घेता परत आलो. घरी तुम्ही विचारलंत, "फॉर्मचं काय झालं?" मी म्हणालो, तारीख वाढवून दिलीय.

पुढं वीस-बावीस वर्षांनी मी त्याचा विनोद केला. माझा हेडक्लार्क टेबलाखाली रांगतो, बुटाखालच्या कागदाला 'माफ करा हं' म्हणतो, आणि बाहेर येताना सवयीनं टेबलाच्या पायालाही नमस्कार करतो. आठ पानं, तुम्हाला फोटो काढून पाठवली. पाठवताना माझा हात थरथरला असं लिहिलं तर शोभून दिसेल, पण तसं काही झालं नाही. तुम्ही मला ओळखणार नाही, म्हणजे स्वतःला ओळखणार नाही, असं मी गृहीत धरलं. दुसऱ्या दिवशी फोन आला. "टाइप झालंय. पाठवू का?" पाठवा, म्हणालो. तुम्ही, "टेबलाच्या पायाचं चांगलं जमलंय," म्हणालात, आणि फोन ठेवलात. लेखात एकही टायपाची चूक नव्हती.

तो लेख चालला. अजून चालतो. पुस्तकातला तोच एक लोकांना पाठ आहे. कुठंही गेलो, तेरच्या वाचनालयात, उमरग्याच्या व्याख्यानमालेत, लोक तोच मागतात. टेबलाच्या पायापाशी मी थांबतो, हशा ओसरू देतो, मगच पुढं जातो. कुठं थांबायचं हे आता मला अंगवळणी पडलंय.

लेख छापून आला त्याच वर्षी हिवाळ्यात दोन दिवसांच्या तापाचं निमित्त झालं आणि तुम्ही गेलात. तेरावं झाल्यावर मी तुमच्या टेबलाशी बसलो आणि मसुद्यांचा तो कप्पा उघडला. चार मसुदे. आईला मी तेव्हाच सांगितलं, हे मला आत्ता सापडलं.

पहिला संपादकांना होता. 'महोदय, आपल्या अंकातील लेख वाचला. लेखक माझे चिरंजीव आहेत, हे प्रथम नमूद करतो. लेख उत्तम आहे. केवळ एक तपशील दुरुस्त व्हावा. ते कागद माझ्या चुकीमुळे फेकले गेले नव्हते. एका टिपणीवर मागील तारीख घालण्यास मी नकार दिला होता. मी खाली बसलो तो साहेबांपुढे नव्हे. त्या फाइलीत एका मयत शिपायाच्या पत्नीचे मूळ दाखले होते, दुसरी प्रत नव्हती, आणि पंखा चालू होता.' खाली डाव्या कोपऱ्यात, कचेरीत लिहायचात तसं, 'मसुदा मान्यतेस्तव सादर.'

कुणाच्या मान्यतेस्तव, ते मला कळायला वेळ लागला नाही. क्लार्क पत्र पाठवत नसतो. तो मसुदा करून साहेबांपुढं ठेवतो, साहेबांनी मान्य म्हटलं तरच ते बाहेर जातं. पेटी एकच, दारं तीन. तुमच्या दारातून आत ठेवलं की माझ्या टेबलावर पोचलं, असं तुम्ही बरोबर समजला होतात. आपल्यापैकी ती व्यवस्था नीट समजलेले तुम्ही एकटेच होतात. दुसरा मसुदा स्मरणपत्र क्रमांक एक. तिसरा स्मरणपत्र क्रमांक दोन, 'कामाच्या व्यापात राहून गेले असावे. घाई नाही.' चौथा एका ओळीचा. 'सदर प्रकरण दप्तरी दाखल करावे किंवा कसे, याबाबत आदेश व्हावेत.' आणि दर रविवारी आपण फोनवर बोलत होतो, अण्णा. पावसाचं, आईच्या गुडघ्यांचं, येरमाळ्याच्या बसचं. तुम्ही तोंडी काही मागितलं नाहीत. लेखी दिलं होतं ना.

परवा बाई सगळं नव्या मशीनवर घेत होत्या. मसुद्यांपाशी येऊन थांबल्या. "ह्ये चार घ्यायचे का टाकायचे?" आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. "टाकायचं काय बी न्हाय," म्हणाली. बाईंनी मान हलवली, आणि काम करता करता सहज बोलल्या, "अण्णा या मसुद्यावरनं एकदा माझ्याकडं आलते, बघा. भर उन्हात. म्हनले, बाई, मसुद्यावरची वेळ आपोआप बदलती का वो? म्या म्हनलं, आपोआप कशी बदलंल? कुनी उघडून, हात लावून, सेव्ह केलं तर बदलती. तर म्हनले, आमी दोघं मंगळवारी देवीला येरमाळ्याला गेलतो, घराला कुलूप, आन् वेळ दावतंय दुपारी पावणेएकची. म्या म्हनलं, मग दुसऱ्या दारातनं कुनीतरी बघितलं आसंल. लई बरं वाटलं बघा त्यांना. चहा घेऊन गेले."

आई म्हणाली, "व्हय, त्या दिशी येताना पेढे आनलेते. कशाचे, ते सांगितलं न्हाय."

मी बाईंना म्हणालो, मशीनचं काहीतरी असेल. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि पुन्हा कामाला लागल्या. त्या गेल्यावर मी स्मरणपत्र क्रमांक एक पुन्हा उघडलं. दहा वर्षांत ते मी कितीदा तरी वाचलंय आणि त्याचं पहिलं वाक्य कचेरीचा साचा म्हणून सोडून दिलंय. 'उपरोक्त विषयी मसुदा आपल्या अवलोकनात आल्याचे दिसते.'

येत्या रविवारी तुळजापूरला कार्यक्रम आहे. तोच लेख वाचायला सांगितलाय आणि मी हो म्हणून बसलोय. तुमचा पहिला मसुदा छापून पुस्तकात त्या पानावर ठेवलाय. लेख संपल्यावर तो वाचायचा, असं ठरवलंय. पण टेबलाच्या पायापाशी हशा आला की मी काय करीन, हे तुम्ही मला विचारू नका. तुमच्याकडं माझी सगळी आवक नोंदलेली आहे.

हे पत्र कुठं पाठवायचं? या पेटीतून याच पेटीत पाठवण्यात अर्थ नाही. इथंच, तुमच्या चार मसुद्यांच्या खाली ठेवतो. म्हणजे उद्या सकाळी आई कपडा काढेल, चष्मा लावेल, आणि चाराचे पाच झालेले असतील. ती मला फोन करेल. "आरं, पाच कशी काय झाली?" मी बहुतेक म्हणेन, मशीनचं काहीतरी असेल.

त्या मंगळवारी स्टाफरूममध्ये जेवणाची सुट्टी होती. मी तुमचा मसुदा उघडला, पूर्ण वाचला, आणि खाली 'मान्य' असं टाइप केलं. मग लेखातली ती जागा आठवली. लोक तिथंच तर हसतात. 'मान्य' पुसलं. बंद करताना मशीननं विचारलं, बदल जतन करायचे का, आणि कुणी येईल म्हणून मी घाईनं हो म्हटलं.