गाठीचा दुसरा तुकडा

दादा, तुमाले अन् वहिनीले मुंबईहून सुभद्रेचा नमस्कार. हे बरे आहेत, दोन घास जेवतात. मूर्तिजापुरात कापूस वेचून झाला काय?

पण यायच्या आतड्याच्या कॅन्सरवरचं औषध आता लागू पडत नाही. काहून, ते पाहाले डॉक्टरीणबाईनं गाठीचा तुकडा पुन्हा मागितला. त्यातले प्रोटीन तपासतात म्हणे. मले वाटलं, आमच्यावर प्रयोग करून राहिले.

यायनं बाईले सरळ विचारलं, "याचा मले फायदा काय?"

"तुम्हाला कदाचित नाही. पुढच्या पेशंटला होईल," बाई बोलल्या.

हे लगेच हो म्हणाले. आता मले डॉक्टरचा नाही, यायचाच संशय येते. आपण यातून वाचत नाही, हे यायले आधीच समजलं असन. फोनवर तुमाले काही बोलले काय? माह्यापासून लपवू नका.

तुमची सुभद्रा