दर शुक्रवारी सैल होणारा स्क्रू

बाबा,

नमाजाहून आल्यावर तुमचा डोळा लागला, म्हणून उठवलं नाही. खाली वजदी हॉर्न बडवतोय; तुमच्या जावयाला धीर कुठला! मुलूखियाची पातळ भाजी फ्रिजमध्ये आहे, भात तेवढा गरम करून घ्या.

तुमची ई-सिगारेट नीट झालीय. आतली एक कॉइल लालबुंद व्हायची आणि दुसरी काळीठिक्करच राहायची, कारण डावीचा स्क्रू पुन्हा सैल होता. घट्ट केला, चिमट्याने दोन्हींचे वेढे सारखे केले, आता दोन्ही एकदमच तापतात. कापूसही नवा घातलाय. त्यात बाटलीतला रस नीट मुरू द्या, नाहीतर जळकट धूर ओढाल आणि खोकत बसाल.

सलग पाच शुक्रवार तोच स्क्रू, बाबा, आणि दर वेळी बरोबर अर्धा फेरा. त्याच्या खाचेत ओरखडे आहेत, आणि आंबे कापायच्या सुरीचं टोक वाकलंय. आई असती तर तिने पहिल्याच शुक्रवारी तुम्हाला पकडलं असतं.

पुढच्या शुक्रवारी काही बिघडवू नका, मी येतेच आहे. वजदीला मात्र फोन करून बिघडलंय असंच सांगा, नाहीतर तो गाडी काढायचा नाही.

शहीरा