पुसलेली नऊ नावं

१४ जुलै
कोसमघाटला हजर झालो. चौथी बदली, पण या खेपेला नशीब बरं आहे! खोलीला खिडकी, खिडकीत वैनगंगा. डबा गिरजाबाई देतात, आज अंबाडीची भाजी होती. काम सोपं. पूरमदतीच्या बोटीवर जीपीएसचं यंत्र आहे. कॉम्प्युटरमधली खडकांची न् भोवऱ्यांची ठिकाणं त्यात भरायची. यंत्र समुद्रातल्या बोटींचं आहे म्हणे. समुद्र कुठी अन् आपण कुठी! रविवारी मंजुषा आमच्या लेकीला, खुशबूला घेऊन चिमूरहून येणार आहे.

१५ जुलै
यादी कार्डावर घेतली, कार्ड यंत्रात घातलं. आत आधीच नऊ ठिकाणं होती, त्यांना माणसांची नावं. चैतू, नीलाबाई, जंगू... कुणाचा तरी टाइमपास असेल म्हटलं, आणि ‘जुनं पुसून नवं भरा’ दाबलं. आधी नक्कल घ्यायला हवी होती. पण दिवसभर लाइटची ये-जा, मी पार शिणलो होतो. बावीस ठिकाणं भरली. सुटलो एकदाचा.

१६ जुलै
बोट चालवणाऱ्या झिंगूभाऊंना सांगितलं, तर ते धावत जाऊन यंत्र बघून आले. ती नऊ माणसं नदीत बुडालेली, प्रेतं कधी सापडलीच नाहीत. इथले मासे धरणारे ढिवर अशा जागी बांबू रोवतात, जाता-येता मूठभर तांदूळ सोडतात. पुरात बांबू टिकत नाही, म्हणून भाऊंनी त्या जागा यंत्रात रोवल्या होत्या. रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, जागाच पुसली त त्यायनं राहावं कुठी? मला आधी हसू आलं, मग लाज वाटली.

१७ जुलै
यंत्रात बावीसची तेवीस ठिकाणं झालीत. तेविसावं चैतू. पुसलं, कार्ड पुन्हा घातलं, पुन्हा चैतू. भाऊ म्हणतात, चैतूची जागा नदीत खाली मार्कंड्याच्या देवळाकडे होती. यंत्रात तो आमच्या घाटापासून कोसभरावर आहे. यंत्र बिघडलं असणार. असल्या कामाचा वीट आलाय.

१८ जुलै
आता चार नावं. पाणी चढून राह्यलं, पूल बुडाला. पैलतीरावरून यायला फक्त बोट. जीव मेटाकुटीला आलाय.

१९ जुलै
आठ. सगळी बोटीच्या वाटेवर. येऊ नको म्हणून मंजुषाला सकाळपासून फोन लावून राह्यलो. लागत नाही. देवा, लागू दे.

२० जुलै, रविवार सकाळ
यंत्र बोटीवरून काढून खोलीत आणलंय. भाऊ आठवून सांगतील तशा नऊ जागा परत भरायच्या. चुकलो, आधीच करायला हवं होतं.

साडेदहा
भाऊ नाहीत. गिरजाबाई म्हणाल्या, पैलतीरी एक बाई न् लेकरू उभं दिसलं, म्हणून बोट घेऊन गेले. यंत्राशिवाय. यंत्र माझ्याजवळ —

खिडकीतून बोट दिसते. पिवळा फ्रॉक. खुशबूच. हात हलवते आहे.

बोट थांबली. ऐन मधात. इंजिनाचा आवाज नाही —

यंत्रात नऊच्या नऊ. बोट जिथं आहे तिथंच, गोल करून —

ओरडलो. ऐकू जात नाही. नाई जात —

दहावं उमटून राह्यलं. मी काही दाबलं नाई. पुसतो तरी जात नाई. एकेक अक्षर —

खु